मातीचे ऋण आणि गोमयाचा अर्क

भाजीपाल्याच्या शेतीत रासायनिक खताचा काही भाग कमी करून त्याच्या जागी शेण, गोमूत्र किंवा कुजलेले शेणखत यांपासून काढलेले अर्क द्यावेत काय, आणि द्यायचे तर किती, हा प्रश्न मुळात कृषिशास्त्राचा असून त्याचे उत्तर माती परीक्षणाच्या अहवालात आणि पिकाच्या उताऱ्यात शोधता येते. परंतु नागपूर व त्याच्या आसपासच्या प्रदेशात तो पुष्कळदा धर्माच्या भाषेत मांडला जातो, आणि म्हणून त्याचा विचारही त्या भाषेत करणे आवश्यक ठरते. रामटेक तालुक्यातील देवलापार येथे गो-विज्ञान अनुसंधान केंद्र पंचगव्यावर, म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र व गोमय या पाच द्रव्यांवर, काम करीत आले आहे. नागपूर शहरातच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय आहे, जेथे मातीचा अभ्यास तिचे थर, तिची घडण आणि तिच्यातील घटक यांच्या नोंदींतून होतो. आणि याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह लाखो माणसांनी शुद्धाशुद्धतेवर उभ्या असलेल्या समाजव्यवस्थेचा त्याग करून बौद्ध धम्म स्वीकारला. गोमयाला पवित्र मानणारी श्रद्धा, मातीचे मोजमाप करणारे शास्त्र आणि पवित्र-अपवित्र या भेदालाच आव्हान देणारा विचार अशा तीन परंपरा जेथे शेजारी-शेजारी नांदतात, तेथे खताचा प्रश्न निव्वळ किलो आणि लिटरचा राहत नाही. प्रस्तुत विवेचनाचा रोख असा की, या प्रश्नाकडे शुद्धतेच्या दृष्टीने पाहणे दिशाभूल करणारे आहे, ऋणाच्या दृष्टीने पाहणे योग्य आहे, आणि तसे पाहिल्यास रासायनिक खताची अंशतः बदली ही श्रद्धेची तडजोड न ठरता हिशेब प्रामाणिकपणे मांडण्याची रीत ठरते.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे इष्ट होईल. शेतकरी ज्याला भरखत म्हणतात ते शेणखत, कंपोस्ट किंवा गांडूळखत एकरी गाड्यांच्या हिशेबाने घातले जाते, त्यात अन्नद्रव्यांचे प्रमाण थोडे असते, पण त्यातील सेंद्रिय पदार्थ मातीची घडण सुधारतो व ओल धरून ठेवतो. याउलट जोरखत म्हणजे युरिया, सुपर फॉस्फेट किंवा पेंडीसारखे खत, जे थोड्या वजनात पुष्कळ अन्नद्रव्य देते, आणि उभ्या पिकाला हप्त्याहप्त्याने दिले की त्यालाच वरखत म्हणतात. अर्क या दोहोंपेक्षा निराळा आहे. शेणखत किंवा गांडूळखत पाण्यात भिजवून गाळलेले पाणी, गांडुळांच्या वाफ्यातून झिरपलेले व्हर्मिवॉश, पंचगव्य आंबवून केलेले द्रावण आणि जीवामृत हे सर्व या वर्गात मोडतात. जीवामृताची कृती अमरावती जिल्ह्यातील बेलोरा या गावचे सुभाष पाळेकर यांनी देशभर पोहोचवली, आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. एका एकरासाठी २०० लिटर पाण्यात देशी गाईचे १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती मिसळून ते सुमारे दोन दिवस आंबवायचे, अशी ती कृती आहे.

आता पहिला तात्त्विक प्रश्न असा उपस्थित होतो की, गोमूत्रातील नत्र आणि कारखान्यातील नत्र यांत काही सत्तात्मक भेद आहे काय, म्हणजे एकात प्राण आहे आणि दुसऱ्यात नाही, असे म्हणता येते काय. युरोपातही एकेकाळी असा भेद मानला जात असे; सजीवांच्या शरीरात तयार होणारी द्रव्ये एका विशेष जीवनशक्तीशिवाय निर्माणच होऊ शकत नाहीत, या मताला प्राणशक्तिवाद म्हणतात. १८२८ साली फ्रेडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून युरिया तयार करून दाखवला आणि त्या मताला पहिला मोठा तडा गेला. विशेष असे की, ज्या द्रव्याने हा तडा गेला ते मूत्रातलेच द्रव्य होते, आणि आज गोणीत भरून येणारा युरिया व गाईच्या मूत्रातील युरिया यांचा रेणू एकच आहे. दोन्ही मातीत पडल्यावर जिवाणूंकडून अमोनियम व नंतर नायट्रेट या रूपांत बदलतात, आणि वांग्याचे वा मेथीचे मूळ ते शोषताना त्यांची कुळी विचारत नाही. पावित्र्य हा रेणूचा गुणधर्म मानला तर गोणीही तितकीच पवित्र ठरते; म्हणून श्रद्धावंताला गोमयाचे माहात्म्य सांगायचे असेल तर ते रेणूत शोधून चालणार नाही, गाय, माती, कडबा, जिवाणू आणि शेतकरी यांच्या परस्परसंबंधात ते शोधावे लागेल. बौद्ध तत्त्वज्ञानातील प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे कोणतीही गोष्ट स्वतंत्र सार घेऊन येत नाही, ती अनेक कारणांच्या संयोगाने उद्भवते हा सिद्धान्त, येथे गोपूजकालाही उपयोगी पडावा.

शुद्धतेचा आग्रह धरणारे बहुधा प्राचीन परंपरेचा आधार घेतात, परंतु कृषिविषयक प्राचीन ग्रंथ स्वतः या आग्रहाला फारशी साथ देत नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीवरील अधिकाऱ्याच्या प्रकरणात उसाच्या कांड्यांच्या कापलेल्या टोकांना मध, तूप आणि शेणात कालवलेली डुकराची चरबी लावण्यास सांगितले आहे, आणि रोपांना माशांचे खत देण्याचाही उल्लेख आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मानला जाणारा सुरपालाचा वृक्षायुर्वेद ज्या कुणपजलाचे वर्णन करतो, ते आजच्या अर्कांचे सर्वांत जवळचे पूर्वरूप होय. आणि ते प्राण्यांचे मांस, मज्जा, विष्ठा वगैरे पाण्यात शिजवून व आंबवून तयार होत असे. धर्मशास्त्रात पंचगव्य प्रायश्चित्तासाठी, म्हणजे दोष निवारण्यासाठी, प्राशन केले जाई. वृक्षशास्त्रात मात्र झाडाला लागेल ते दिले जाई, आणि या दोन विद्यांची सरमिसळ जुन्यांनी केलेली नव्हती. कृषिपराशर या ग्रंथात तर शेणखताच्या ढिगाची माघ महिन्यात पूजा करून, मग तो खणून, वाळवून, बारीक करून फाल्गुनात शेतातील खड्ड्यांत भरण्याचा विधी सांगितला आहे, आणि खतावाचून पीक वाढले तरी फळ देत नाही, असा स्पष्ट इशाराही दिला आहे. पूजा ढिगाची आहे, आणि पूजेनंतर संपूर्ण ढीग शेताला द्यायचा आहे, ही गोष्ट अर्काच्या आजच्या उत्साही प्रचारकांनी विसरू नये.

शुद्धतेच्या दृष्टीचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण तो माणसांना जखम करतो. गाईची विष्ठा शुद्धिकारक आणि माणसाची विष्ठा भ्रष्ट करणारी, असे ठरवून ज्या समाजाने पहिलीने अंगण सारवले, त्याच समाजाने दुसरी वाहून नेण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींवर लादले आणि मग त्या जातींनाच अपवित्र म्हटले. वास्तविक पिकाच्या दृष्टीने दोन्हींत नत्र, स्फुरद आणि पालाश हीच द्रव्ये आहेत, आणि मैल्यापासून नीट कुजवून केलेल्या खताला मराठी शेतकऱ्याने सोनखत असे सार्थ नाव दिले आहे. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाई, सोपे संडास आणि सोनखत यांचा जो प्रयोग चालवला, त्यामागे मैला उचलणाऱ्याची अस्पृश्यता घालवायची असेल तर मैल्याचीच अस्पृश्यता घालवली पाहिजे, हा विचार होता. खताच्या चर्चेत शुद्धतेची भाषा पुन्हा आणताना ती भाषा यापूर्वी कोणाच्या वाट्याला काय घेऊन आली, याचे स्मरण दीक्षाभूमीच्या शहरात तरी ठेवलेच पाहिजे.

शुद्धतेऐवजी ऋण ही कल्पना घेतली की चित्र पालटते. वैदिक परंपरेत माणूस देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्मतो असे मानले आहे, आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा आशय असा की, अन्न, पर्जन्य, यज्ञ आणि कर्म यांच्या फिरत्या साखळीतून जो घेतो पण परत देत नाही, तो चोर होय. ही कल्पना भारतापुरती नाही. १८४० साली वनस्पतींच्या खनिज पोषणाचा सिद्धान्त मांडणारे युस्टुस फॉन लीबिग, ज्यांना रासायनिक खतयुगाचे प्रवर्तक समजले जाते, तेच पुढे आग्रहाने सांगू लागले की पिकाने मातीतून जे नेले ते मातीला परत केलेच पाहिजे, अन्यथा ती शेती नसून लूट आहे; लंडनसारखी शहरे खेड्यांतून आलेले अन्न खाऊन त्यातील खनिजे गटारांवाटे समुद्रात सोडतात, यावर त्यांनी कठोर टीका केली. गीता आणि लीबिग यांची भूमी वेगळी असली तरी दोघांचा नैतिक आशय एकच आहे.

ऋण मान्य केले की ते किती आहे हे मोजणे धर्मतः प्राप्त होते, कारण देणेकऱ्याने आकडा न पाहता केवळ भक्तिभाव दाखवणे ही परतफेड नव्हे. वांगी, टोमॅटो, कोबी यांसारख्या भाजीपिकांना चांगल्या उताऱ्यासाठी ढोबळमानाने एकरी ४० ते ६० किलो नत्र लागते. जीवामृताच्या एका मात्रेत १० किलो ओल्या शेणातून ३० ते ४० ग्रॅम, १० लिटर गोमूत्रातून फार तर १०० ग्रॅम आणि २ किलो बेसनातून ६० ते ७० ग्रॅम, असे सारे मिळून सुमारे २०० ग्रॅम नत्र येते. पाच महिन्यांच्या पिकाला दर पंधरवड्याला ते दिले तरी एकूण नत्र २ किलोच्या आसपास भरते, आणि तेवढे नत्र ४५ किलोच्या युरियाच्या गोणीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात असते. शेणखताच्या गाळलेल्या पाण्याचा हिशेब याहून फार वेगळा निघत नाही. अर्काने खताची पूर्ण जागा घेतली, असे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही.

याला पाळेकर-पद्धतीचे उत्तर असे की, जीवामृत हे खत नाहीच, ते जिवाणूंचे विरजण आहे, आणि मातीत मुळातच असलेली अन्नद्रव्ये हे जिवाणू पिकाला उपलब्ध करून देतात. या उत्तरात तथ्य आहे. मातीतील बरेचसे स्फुरद बांधलेल्या अवस्थेत असते आणि काही जिवाणू आम्ले स्रवून ते मोकळे करतात, तसेच सेंद्रिय पदार्थातील नत्रही त्यांच्याच कामाने सुटे होते. पण विरजण लागायला दूध लागते. काळ्या मातीच्या वरच्या थरात हेक्टरी हजार किलोच्या घरात नत्र असले, तरी ते जवळजवळ सगळे सेंद्रिय पदार्थात बांधलेले असते, आणि जिवाणूंनी ते सुटे केले की तो पदार्थ तेवढा घटतो. भरखत, पालापाचोळ्याचे आच्छादन किंवा हवेतील नत्र गाठींत साठवणारी चवळी-मुगासारखी द्विदल पिके यांनी ही घट भरून काढली नाही, तर जिवाणूंच्या साहाय्याने झालेले उत्पन्न हे मुद्दलातून काढलेले असते. पाळेकरांनी स्वतः आच्छादन व द्विदल आंतरपिके आवश्यक सांगितली आहेत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. अनुयायांपैकी अनेकांनी कष्टाचा तो भाग सोडून केवळ जीवामृताचे पिंप तेवढे उचलले आहे.

रासायनिक खताच्या बाजूचा हिशेबही तितकाच अपुरा आहे. युरिया नत्र देतो, मातीत टिकणारा कर्ब काहीच देत नाही, आणि विदर्भाच्या पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या उन्हाळ्यात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने विघटित होत असल्याने बऱ्याच काळ्या जमिनींतील सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आलेला आहे. शिवाय शेतात टाकलेल्या नत्रापैकी मोठा भाग, पुष्कळदा निम्म्याहून अधिक, पिकाला न लाभता अमोनिया होऊन उडतो, नायट्रेट होऊन विहिरीच्या पाण्यात उतरतो, किंवा नायट्रस ऑक्साइड या कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता धरणाऱ्या वायूच्या रूपाने वातावरणात जातो. पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांत तर अतिरिक्त नत्र नायट्रेटच्या रूपाने पानांतच साठते. मातीचे एक देणे फेडण्यासाठी पाणी, हवा आणि खाणारा यांच्याकडून न विचारता कर्ज काढणे, असे या व्यवहाराचे स्वरूप आहे, आणि अनुदानामुळे युरियाची गोणी स्वस्त असल्याने या कर्जाची जाणीव शेतकऱ्याला होत नाही. हा दोष शेतकऱ्याचा म्हणता येणार नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंची परतफेड अपुरी असेल तर दोन्ही मिळून ती पुरी करावी, हा अंशतः बदलीचा तर्क होय, आणि कृषिशास्त्र त्याला एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन म्हणते. इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे १८४३ पासून अखंड चाललेल्या प्रयोगात दरवर्षी शेणखत मिळालेल्या पट्ट्यातील सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक वाढला, आणि भारतात १९७० पासून चाललेल्या दीर्घकालीन प्रयोगांत सामान्यतः असे दिसून आले की, शिफारशीप्रमाणे रासायनिक खत अधिक शेणखत या जोडीने उतारा आणि मातीचे आरोग्य दोन्ही टिकतात. रासायनिक खताचा कण पडताच मातीतील जीव मरतात, हे म्हणणे या प्रयोगांवरून खरे ठरत नाही; उलट शेणखतासह योग्य मात्रेत ते दिल्यास मुळांची वाढ होऊन जिवाणूंना अधिक अन्न मिळते. पाव हिस्सा रासायनिक नत्र कमी करून तो भरखत, पेंड, द्विदल आणि अर्क यांच्या साहाय्याने भरून काढणे पुष्कळ ठिकाणी साधते; त्यात अर्काचा वाटा अन्नद्रव्याचा कमी आणि मुळांभोवतीच्या जीवसृष्टीला चालना देण्याचा अधिक असतो. भरखत पुरेसे नसेल तर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत या भागाला परकी नाही. जाळीदार विटांच्या टाक्यात थोडे शेण, पुष्कळ काडीकचरा आणि माती यांचे थर रचून तीन-चार महिन्यांत खत करण्याची ही युक्ती, ज्याच्याकडे दोनच जनावरे आहेत त्याच्यासाठीच निघाली होती.

काहींना असा मध्य धरणे भित्रेपणाचे वाटते, आणि त्यांचे म्हणणे असे की श्रद्धा अर्धी असू शकत नाही. परंतु बुद्धाचा मध्यम मार्ग दोन टोकांची सरासरी नव्हता, दुःखाचे कारण नेमके कोठे आहे हे पाहून आखलेला तो मार्ग होता. त्याच न्यायाने अर्धा युरिया आणि अर्धे जीवामृत असा सरसकट भाग करणे हा मध्यम मार्ग नव्हे, प्रत्येक शेताच्या माती परीक्षणावरून जे देणे निघेल ते ज्या खताने फिटेल त्याने फेडणे हा होय. टोकाची किंमत काय असते हे श्रीलंकेने दाखवले. २०२१ साली तेथील सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली, पर्यायी सेंद्रिय खताची तयारी नव्हती, भात आणि चहाचे उत्पादन घसरले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. त्या निर्णयाची झळ सर्वांत आधी लहान शेतकऱ्याला लागली, आणि ज्या निष्ठेची किंमत दुसऱ्याने मोजावी लागते तिला धर्म म्हणता येणार नाही.

अंशतः बदली करणाऱ्यावर मात्र दोन व्रते आपोआप येतात. पहिले सत्याचे: रासायनिक खत कमी केलेली भाजी ही सेंद्रिय भाजी नव्हे, कारण सेंद्रिय प्रमाणीकरणासाठी रासायनिक निविष्ठा पूर्ण थांबवून हंगामी पिकांना साधारण दोन वर्षांचा रूपांतरकाळ काढावा लागतो, म्हणून बाजारात ती सेंद्रिय म्हणून विकणे असत्य आहे, मग त्यामागे गाईचे नाव असले तरी. दुसरे अहिंसेचे: दोन दिवस आंबवल्याने शेणातील रोगजंतू मरतातच असे नाही, आणि नागपूरकर ज्याला सांबार म्हणतात ती कोथिंबीर, मुळा व गाजर कच्चे खाल्ले जातात, अमेरिकेतील सेंद्रिय नियमांत तर न कुजवलेले शेण आणि मातीला टेकणाऱ्या भाजीची काढणी यांत १२० दिवसांचे अंतर बंधनकारक आहे. तेव्हा ताज्या शेणाचा अर्क पानांवर न फवारता मुळाशी, काढणीच्या पुष्कळ आधी द्यावा, आणि पालेभाज्यांसाठी पूर्ण कुजलेल्या खताचाच अर्क वापरावा. खाणाऱ्याच्या पोटात रोग घालणारे द्रव्य गाईचे आहे म्हणून निर्दोष ठरत नाही.

ऋणाचा विचार शेताच्या बांधावर थांबला तर मात्र तो शेतकऱ्यावर अन्यायच होईल. मळ्यातील भाजीत विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या सावता माळ्यांच्या काळी गावातले अन्न बहुतेक गावातच खाल्ले जाई आणि त्याचा अवशेष त्याच शिवारात परत जाई. आज नागपूर जिल्ह्यातील शेतांतली भाजी कळमन्याच्या बाजारातून शहरात येते, आणि तिच्यातील नत्र, स्फुरद व पालाश सांडपाण्यातून आणि ओल्या कचऱ्यातून भांडेवाडीकडे जातात. तेथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते, जी पाणी वाचवण्याची स्तुत्य योजना आहे. परंतु ज्या शेतांतून ती अन्नद्रव्ये आली त्या शेतांकडे त्यांतील फारसे काही परतत नाही, आणि प्रक्रिया न झालेले जे पाणी नाग नदीतून कन्हानकडे वाहते, ते जंतू आणि विषारी द्रव्ये घेऊन जात असल्याने त्याला परतफेड म्हणता येत नाही. गोशाळेला देणगी देणाऱ्या आणि निर्विष भाजीची मागणी करणाऱ्या नागपूरच्या नागरिकांनी आपल्या स्वयंपाकघरातील ओला कचरा वेगळा काढावा, त्याचे नीट कुजवलेले खत ज्या तालुक्यांतून भाजी येते त्या तालुक्यांना स्वस्त दरात पोहोचेल अशी व्यवस्था महापालिकेकडे मागावी, आणि खतात कमी-अधिक बदल करून पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या पहिल्या दोन-तीन हंगामांतील तुटीचा वाटा भाजीच्या भावातून उचलावा; हे देणे शहराचे आहे, आणि ते अद्याप फेडलेले नाही.